वहीची तारीख, तोंडची तारीख

बोर्डावर ३१

"तुमची वेळ एकोणीसला होती," दवाखान्याच्या खिडकीतली बाई म्हणाली. "आज एकवीस आहे."

तिचा आवाज वाईट नव्हता. दिवसातून वीसदा बोलायचं वाक्य माणूस ज्या आवाजात बोलतो, तसा होता. मास्तरांनी खिडकीच्या फळीवर ठेवलेला उजवा हात हळूच खाली घेतला, दुसऱ्याच्या टेबलावर चुकून ठेवला गेल्यासारखा.

थोरल्या मुलाने पिशवीतून शिवणाच्या दुकानाची वही काढली. पुठ्ठ्याचे कोपरे मळलेले, पानांत खुणेला मापाच्या टेपचा तुकडा. ती उघडून त्याने आत सरकवली.

"हे बघा ना. आमच्याकडे लिहिलेलंच आहे."

बाईने पाहिलं. "इथंही एकोणीसच लिहिलंय."

"हो, पण आमच्याकडे एकोणीस म्हणजे एकवीस."

बाईने चष्मा कपाळावर चढवून आधी थोरल्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि शेवटी सुनेकडे. चौघांत एखादं तरी धड असेल अशा आशेने. चौथी होती मास्तरांची बहीण, पोरांची आत्या. ती बाकावर पिशव्या मांडून बसलेली होती आणि तिथूनच म्हणाली, "विचार की, आता पुढची कधीची मिळते."

"सोळा आठवडे," बाई म्हणाली.

सतरा आठवडे थांबून ही तारीख मिळाली होती. मास्तरांच्या हातून पहिल्यांदा कात्री पडली तेव्हा नेहमीच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती, मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवा, फार लांबवू नका. तज्ज्ञ इथं मंगळवारी आणि गुरुवारी बसायचे. लांबवलं कुणीच नव्हतं. ते आपोआप लांबत गेलं. सतरा आठवड्यांत अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा सपाट झाला होता आणि करंगळी वाकडी राहायला लागली होती.

"आज कुणी आलं नाही," बाई जरा खाली वाकून म्हणाली, "तर त्याच्या जागी घेता येईल. शब्द देत नाही. डॉक्टर दोनला उठतात."

"बसतो," मास्तर म्हणाले.

बोर्डावर ३४

ही रीत मास्तरांच्या वडिलांपासूनची. वहीत लिहायची ती वहीची तारीख. त्या दिवशी काम हातावेगळं झालंच पाहिजे. गिऱ्हाइकाला सांगायची ती तोंडची तारीख, दोन दिवस पुढची. मधले दोन दिवस राखीव. कारागीर आजारी पडला, अस्तर कमी पडलं, बाही उलटी लागली, तर त्यासाठी.

हळूहळू घरातलं सगळंच वहीत आलं आणि याच रीतीने आलं. थोरल्याच्या परीक्षा, धाकटीच्या सहली, दाराला रंग द्यायचा दिवस. सुनेच्या बाळंतपणाची डॉक्टरांनी सांगितलेली तारीखसुद्धा मास्तरांनी दोन दिवस अलीकडची लिहिली होती, आणि पोरगी खरोखरच दोन दिवस आधी झाली. "आमचीच नात," असं ते तेव्हा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

चाळीस वर्षांत या घरातलं माणूस कुठं उशिरा पोहोचलं नव्हतं. आजच पोहोचलं होतं.

"तिला फोन करतो," थोरला म्हणाला.

"कशाला?" मास्तर म्हणाले. "ऑफिसात असेल ती."

"म्हणूनच. ऑफिसातल्यासारखी सरळ तारीख लिहिलीय तिने."

तारीख धाकटीने लिहिली होती. दुकानातला फोन मशीनच्या आवाजात ऐकू येत नाही, म्हणून दवाखान्यात तिचा नंबर दिला होता. ती पाणीखात्याच्या कचेरीत कारकून. इथून दोन चौक पलीकडे.

थोरला फोन घेऊन जिन्याकडे गेला. काचेच्या दारापलीकडून त्याचा हात तेवढा दिसत होता, हवेत वरखाली होणारा. सुनेने नवऱ्याचा तो हात पाहिला आणि मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

एकोणीस तारीख, सकाळ (एकदा)

सुनेला कुणी विचारलं असतं, तर तिने हे असं सांगितलं असतं:

साडेआठला दुकानात आले. वही उघडली. एकोणिसाच्या खाली दोन गोष्टी होत्या, वाद्यवृंदाचे कोट आणि बाबांचा दवाखाना. कोट वहीच्या तारखेचे, म्हणजे आज संपवायचे. दवाखाना वहीच्या तारखेचा, म्हणजे परवा जायचं. सव्वीसपैकी सहा कोट बेतायचे राहिले होते. कामाला लागलो.

ऐकणाऱ्याला यात खोटं एकही वाक्य सापडलं नसतं.

बोर्डावर ३५, मग ३६, मग बराच वेळ ३६

धाकटी आली ती धापा टाकत, गळ्यात कचेरीचं ओळखपत्र तसंच. तिने आधी बापाकडे पाहिलं. मास्तर बोर्डाकडे बघत होते.

"म्हणजे गेलाच नाहीत तुम्ही?"

"आज आलोय ना," थोरला म्हणाला. "सहकुटुंब."

"दादा, मी एकोणीस लिहिली होती. स्पष्ट. सव्वादहा पण लिहिलं होतं."

"आणि ह्या घरात जन्मलीस ते विसरलीस?"

"दवाखान्याची वेळ आहे ती. डॉक्टर काय पँट शिवायला टाकतात का आपल्याकडे, त्यांना दोन दिवस मागे-पुढे करायला?"

आत्या हसली आणि हसल्याचं लपवायला तिने पिशवीत डोकं घातलं. आतून म्हणाली, "पण बाई, तोंडाने सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं. वहिनीला."

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं.

"वहीत लिहिलंय, एवढं म्हणाली," सून म्हणाली. "माझ्या तोंडात टाचण्या होत्या."

ते खरं होतं. सहा टाचण्या ओठांत धरून ती कॉलर बसवत होती. तिने मान हलवली होती, आणि धाकटी पाच मिनिटंही न थांबता निघून गेली होती. बापलेकीचं एका छपराखाली पाच मिनिटांहून जास्त जमत नव्हतं, त्याला चौदा वर्षं झाली. धाकटी तेव्हा बेतायला शिकत होती. एका भारी कापडाचा कोट तिने बेतला आणि खांद्यात एक बोट कमी पडला. मास्तर ओरडले नाहीत. त्यांनी तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणाले, "ह्या हाताला कापड देऊ नये." तीन महिन्यांनी ती कचेरीत लागली.

"मग संध्याकाळी एक फोन करायचा," थोरला म्हणाला. "काय म्हणाले डॉक्टर, विचारायला. सख्खा बाप आहे."

धाकटीने ओळखपत्राची दोरी ओढली. "मी वाट बघत होते तुम्ही कराल म्हणून. नाही केलात. वाटलं, नेहमीप्रमाणे मला सांगायची गरज वाटली नसेल."

थोरल्याने वही मिटून पिशवीत टाकली.

"तिचं चुकलं नाही हो," आत्या अचानक म्हणाली. मघाशी ती थोरल्याच्या बाजूची होती. आता पिशवी उचलून धाकटीशेजारी जाऊन बसली. "चूक असलीच तर आमच्या वडिलांची. माणसाने तारखेला तारीख म्हणावं. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा घरी बोलवलं तेव्हा वडिलांनी वहीत बघून कळवलं, आणि तो दोन दिवस आधीच येऊन दारात उभा. मी डोक्याला तेल थापून बसलेले."

"ताई," मास्तर म्हणाले.

"काय ताई? तेल थापलेलं बघूनसुद्धा हो म्हणाला, म्हणून निभावलं."

थोरला बाकावर बसला. "मी कधीचा सांगतोय, ही रीत बंद करू. बाबा ऐकत नाहीत." तो आता बापावर घसरला होता. "संगणकावर टाकू म्हटलं, नको. भिंतीवर कॅलेंडर लावू म्हटलं, नको."

"रीतीने कुणाचं वाईट केलं नाही," मास्तर म्हणाले.

"आज केलं ना."

धाकटीने डोळे पुसले. तिचा आवाज एकदम लहान झाला. "जाऊ दे, दादा. माझंच चुकलं. मला माहीत होतं तुम्ही कसं वाचता ते. तरी सरळ लिहिलं. चौदा वर्षांत माझी सवय बदलली, तुमची बदलली असेलच असं कशाला धरलं मी."

सुनेच्या बोटाला गुंडाळलेला बंद इतका घट्ट झाला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं. ती बोलली नाही. बोलायला जागा होती, बोर्डही छत्तीसवर अडकलेला होता.

बोर्डावर ४४

चव्वेचाळीसला कुणी उठलं नाही.

घंटी पुन्हा वाजली. खिडकीतल्या बाईने माइकवर आकडा वाचला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. कुणी आपल्या हातातला कागद पुन्हा तपासला, न जाणो आपणच चव्वेचाळीस असू.

बाईने यांच्याकडे पाहिलं आणि एक बोट वर केलं. थांबा, अजून एकदा.

थोरला उभा राहिला. धाकटीने बापाचा कागद, जुने रिपोर्ट, चिठ्ठी, सगळं एकावर एक नीट लावलं. आत्याने मास्तरांच्या कोटाची कॉलर सरळ केली. एका मिनिटासाठी हे सगळे पुन्हा एका घरातले झाले. कुणाचं चुकलं ते कुणाला आठवत नव्हतं.

तिसऱ्यांदा आकडा वाचला गेला, आणि लिफ्टचं दार उघडून एक बाई कुबड्यांवर शक्य तेवढ्या घाईने बाहेर आली. दारापासूनच तिने हात वर केला. कुबडी खाली पडली.

ती उचलून द्यायला सगळ्यांत आधी मास्तर गेले. डाव्या हाताने उचलली. "सावकाश," म्हणाले. "तुमचाच नंबर आहे. कुणी घेत नाही."

परत आल्यावर ते बसले नाहीत. "पाणी पिऊन येतो. सूनबाई, चल जरा. पेला धरायला लागेल."

कॉरिडॉर, पाण्याच्या यंत्रापाशी

कागदी पेला त्यांच्या उजव्या हातात राहत नव्हता. सुनेने तो खालून धरला. दोन घोट पिऊन त्यांनी मान हलवली.

"बाबा, मला एक सांगायचंय."

"माहितेय."

"नाही. ऐका. एकोणीसला सकाळी..."

एकोणीस तारीख, सकाळ (दुसऱ्यांदा)

साडेआठला ती दुकानात आली. वही उघडली. कोटांची नोंद पेन्सिलीत होती. या घरात वहीत पेन्सिलीनेच लिहितात, कारण तारखा सरकतात. दवाखान्याची नोंद निळ्या शाईत होती.

तिला लगेच कळलं. निळी शाई बाहेरची. बाहेरच्या माणसाची तारीख सरळ असते. दवाखाना आज आहे. सव्वादहाला.

घड्याळात साडेआठ. दवाखाना पाऊण तासावर. वेळ भरपूर होता.

सहा कोट बेतायचे होते. रेघांचं कापड, रेघेला रेघ जुळवून बेतायचं, आणि ते या दुकानात फक्त मास्तर करू शकत होते. वहीची तारीख आजची. कारागीर हात बांधून बसलेले. मास्तर गेले तर दिवस जाणार. आणि डॉक्टरांनी आत गेल्या गेल्या सांगितलं, उद्यापासून कात्री धरायची नाही, तर?

टेबलावरून मास्तरांनी विचारलं, "काय लिहिलंय गं आजच्यात?"

"काही नाही," ती म्हणाली. "कोटच."

कॉरिडॉर, तिथंच

"सातला दुकान मी उघडतो," मास्तर म्हणाले.

तिने पेला यंत्रावर ठेवला.

"तुझ्याआधी दीड तास. निळी शाई मी पण पाहिली. अक्षर बघून कळणार नाही का मला? त्या पोरीला अक्षर मी शिकवलंय."

"मग तुम्ही मला का विचारलंत?"

"वाटलं, तू म्हणशील. चला, उठा, दवाखान्यात जायचंय. तू म्हणाली असतीस तर मुकाट्याने गेलो असतो." त्यांनी उजवा हात डाव्या हातात घेतला आणि अंगठ्याचं बूड दाबलं. "आपण होऊन उठवेना. आत गेलो की तो कात्री बंद करणार, हे मला ठाऊक होतं. म्हटलं, एवढे सहा बेतू. मग जाऊ."

"तुम्ही म्हणाला असतात, तर मी रिक्षा आणली असती."

"हो," मास्तर म्हणाले. "आणली असतीस."

एक नर्स ट्रॉली ढकलत मधून गेली. दोघं भिंतीला टेकून उभे राहिले, ट्रॉली गेल्यावरही तसेच राहिले.

"आणि त्या दिवशीच बेतायची काय घाई होती?" सून म्हणाली. ती हे त्यांना विचारत नव्हती. "कोटांची तोंडची तारीख आजची आहे. पाचला न्यायला येणार. एकोणीसला दवाखान्यात गेलो असतो, वीसला बेतलं असतं, आज सकाळी बटणं लावली असती. दोन दिवस होते की आपल्याकडे. कालपासून सव्वीसच्या सव्वीस कोट हँगरला नुसते लटकलेत."

मास्तरांनी पेला डाव्या हाताने उचलून डब्यात टाकला. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत ते दोन दिवस आपण एकदाही वापरले नाहीत. वापरायचे असतात, हेच विसरलो."

बोर्ड बंद

दोन वाजून पाच मिनिटांनी डॉक्टर मागच्या दाराने गेले. त्यांची पाठ तेवढी दिसली. चांगल्या शिवणीचा कोट, डाव्या खांद्यात किंचित झोल. मास्तरांनी तो पाहिला, आणि सुनेने त्यांना पाहताना पाहिलं.

खिडकीतल्या बाईने नवी चिठ्ठी दिली. "सोळा आठवडे म्हटलं होतं. एक मंगळवार शोधून काढलाय, बाराव्या आठवड्यात. बारा तारीख, साडेनऊ." ती थांबली. "बाराच. चौदा नाही."

थोरल्याने वही धाकटीपुढे धरली. त्यात टोमणा असावा, किंवा सवय. तिने हात मागे घेतला.

"वहिनी लिहू दे. माझ्या हाताला काहीच देऊ नये." ती हसायचा प्रयत्न करत होती.

मास्तरांनी मान वर केली. चौदा वर्षांत ते वाक्य या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

सुनेने वही घेतली. वहीच्या पाठीला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल होती, ती तिने सोडली नाही. "तुझं पेन दे," ती म्हणाली. बारा तारखेच्या पानावर तिने निळ्या शाईत लिहिलं, बारा, साडेनऊ, बाबा. मग पान मिटलं नाही.

"एकोणीसला सकाळी मी वाचलं होतं," ती म्हणाली. "शाई बघून मला कळलं होतं की आज जायचंय. बाबांनी विचारलं, मी काही नाही म्हणाले. कोट राहिले होते म्हणून."

थोरल्याचं तोंड उघडं राहिलं. "अगं, मग मघापासून..."

"मघापासून हिला बोल खाऊ दिले. हो."

"आणि मी तिच्याआधी वाचलं होतं," मास्तर म्हणाले. "सात वाजता."

आत्या पिशव्या मोजायला लागली. दोन होत्या, त्या तिने तीनदा मोजल्या.

धाकटीने सुनेच्या हातातून पेन घेतलं, टोपण लावलं, पर्समध्ये ठेवलं, पर्सची चेन ओढली. हे सगळं तिने फार सावकाश केलं. तिने सुनेकडे पाहिलं नाही.

"मी इथं दोन तास रडत होते, बाबा," ती म्हणाली. "तुम्ही शेजारी बसला होतात."

"हो."

"कोट तरी झाले का चांगले?"

मास्तरांनी एकदा सुनेकडे पाहिलं.

"चोविसावा बिघडलाय. खांद्यात एक बोट कमी. कात्री सरकली. कुणाला बोललो नाही मी. व्हायोलिनवाल्याचा आहे. उभा असेपर्यंत कळायचं नाही. हात वर केला की ओढेल."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. तो कोट तिने स्वतः इस्त्री केला होता.

"शिलाईत कापड सोडलंय?" धाकटीने विचारलं.

"अर्धं बोट. पाठीत अजून अर्धं निघेल. पण आता माझा हात..." त्यांनी हात पुढे केला नाही, कोटाच्या खिशात घातला. "बेतायचं काम नाही ते. आधी उसवायला लागेल."

धाकटीने भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. दोन वाजून वीस मिनिटं. मग ती बापासमोर उभी राहिली आणि त्यांच्या कोटाची बटणं लावायला लागली, खालून वर, कारण त्यांना ती आता लावता येत नव्हती.

"उसवायला येतं मला," ती म्हणाली. "चला. पाचला येणार आहेत ना?"

"पाचला," मास्तर म्हणाले. "वहीतले पाच नाहीत. खरे."

ती हसली नाही. सर्वांत वरचं बटण तिने लावलं, काज सैल झालंय का बोटाने पाहिलं, आणि कचेरीत अर्ध्या दिवसाची रजा सांगायला फोन कानाला लावून सगळ्यांच्या पुढे जिना उतरायला लागली.